नोकरी सांभाळून पीएचडी करायचीय, डिस्टन्सनं होईल का? नाशिकच्या एका ताईंना सविस्तर उत्तर

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबडला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत त्या क्वालिटी बघतात, सोळा वर्षं नोकरी झाली, एमबीए मुक्त विद्यापीठातून ६१ टक्क्यांनी केलंय, मुलं शाळेत आहेत त्यामुळे नोकरी सोडणं शक्य नाही, आणि पुढेमागे कॉलेजात शिकवायला जायची मनापासून इच्छा आहे. कॉलेज रोडवरच्या एका कन्सल्टंटनं त्यांना सांगितलंय की डिस्टन्स पीएचडी दोन वर्षांत होते, एकदाही जावं लागत नाही, गाइड नाशिकचाच मिळेल, थीसिसचं आम्ही बघतो, पैसे तीन हप्त्यांत द्या. तर हे खरं का, आणि चांगल्या नावाची डिस्टन्स पीएचडी नेमकी कुठली?

ताई, मी बरीच वर्षं पीएचडीचा गाइड म्हणून काम करतोय आणि माझ्याकडे येणारे बहुतेक जण तुमच्यासारखेच नोकरीवाले असतात, कुणी बँकेत, कुणी सातपूरच्या कारखान्यात, कुणी शाळेत. म्हणून जरा लांबलचक लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी सरळ सांगतो, भारतातलं कुठलंही विद्यापीठ डिस्टन्सनं किंवा ऑनलाइन पीएचडी देऊ शकत नाही. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, पीएचडीचे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये नव्यानं आले, त्यात हे स्पष्ट शब्दांत लिहिलंय की कुठलीही उच्च शिक्षण संस्था दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं पीएचडी चालवणार नाही, आणि ही काही नवीन बंदी नाही, २००९ च्या नियमांतही दूरस्थ पीएचडीला मनाई होतीच. मुक्त विद्यापीठांनाही हाच नियम. आपल्याकडे गंगापूर धरणाच्या रस्त्याला मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय असल्यामुळे नाशिककरांना वाटतं की एमबीए तिथून झालं तर पीएचडीही तशीच घरबसल्या होईल, पण नाही. मात्र तुमच्या एमबीएची काळजी करू नका, यूजीसीची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाची मुक्त विद्यापीठाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीचीच धरतात, पीएचडीच्या प्रवेशाला ती चालते. मास्टर्सला ५५ टक्के लागतात, तुमचे ६१ आहेत. आरक्षित प्रवर्ग, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्के सूट असते.

तुम्हाला हवीय ती गोष्ट अस्तित्वात आहे, फक्त तिचं नाव पार्ट टाइम पीएचडी. २०२२ च्या नियमांत पार्ट टाइमला रीतसर परवानगी आहे, पदवी तीच, मूल्यमापन तेच, आणि सर्टिफिकेटला किंमतही तेवढीच. पण त्यात जावं लागतं. प्रवेश परीक्षा, मुलाखत, किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क, त्यात किमान ५५ टक्के, मग दर सहा महिन्यांनी रिसर्च ॲडव्हायजरी कमिटीपुढं उभं राहून काय काम झालं ते दाखवायचं, शेवटी थीसिस, गाइड सोडून किमान दोन बाहेरचे परीक्षक, आणि खुला व्हायव्हा. कमीत कमी मुदत कोर्सवर्क धरून तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा, त्यापुढं पुन्हा नोंदणी करून दोन वर्षं वाढवून मिळू शकतात, आणि महिलांना आणखी दोन, म्हणजे तुमच्यासाठी वरची मर्यादा दहा वर्षांपर्यंत जाते. बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजा वेगळी. आता बघा, नियमच तीन वर्षांच्या आत पदवी देऊ देत नाही, तर कन्सल्टंट दोन वर्षांत कुठून देणार? त्याचं बोलणं तिथंच संपलं.

तरी त्याच्या बाकीच्या वाक्यांकडंही बघू, कारण उद्या दुसरा कुणीतरी साडेतीन वर्षं सांगेल आणि मग तुम्हाला ते खरं वाटेल. 'गाइड नाशिकचाच मिळेल' असं हे लोक सांगतात तेव्हा विद्यापीठ बहुतेकदा लांबच्या राज्यातलं असतं, आणि हे नियमात बसतच नाही. मुख्य गाइड त्याच विद्यापीठाचा किंवा त्याच्या संलग्न कॉलेजचा कायम प्राध्यापक असावा लागतो, बाहेरच्या विद्यापीठाचा माणूस फार तर को-गाइड होतो. म्हणजे नाशिकच्या कुठल्यातरी सरांचं नाव मुख्य गाइड म्हणून लावून परराज्यातल्या विद्यापीठाची पीएचडी करून देतो असं कुणी म्हणालं तर ती फाइल आज ना उद्या अडकणार. आणि अडकते ती नेमकी नोकरीच्या वेळी, कागदपत्रांच्या तपासणीत, तेव्हा एजंट फोन उचलत नाही. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीनं राजस्थानातल्या तीन विद्यापीठांना, चुरूचं ओपीजेएस, अलवरचं सनराइज आणि झुंझुनूचं सिंघानिया, पीएचडीचे नियम न पाळल्याबद्दल पाच वर्षं पीएचडीचे प्रवेश घ्यायला बंदी केली, २०२५-२६ ते २०२९-३०. लक्षात घ्या, ही तिन्ही कायद्यानं स्थापन झालेली विद्यापीठं होती, यूजीसीच्या यादीत त्यांची नावं होती. म्हणजे 'यूजीसी मान्यताप्राप्त' एवढं वाचून समाधान मानायचं नाही, विद्यापीठ मान्यताप्राप्त असू शकतं आणि त्याची पीएचडी तरीही गोत्यात येऊ शकते.

आणि 'थीसिसचं आम्ही बघतो' याच्याबद्दल मला मनापासून राग आहे. दुसऱ्यानं लिहिलेला थीसिस तुमच्या नावावर शोधगंगा या थीसिसच्या साइटवर कायमचा टांगलेला राहणार, कुणीही कधीही उघडून बघू शकतो. यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्याच्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून परत द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर थीसिस द्यायला बंदी, आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पदवी मिळाल्यानंतर सिद्ध झालं तरी कारवाई होते. शिवाय तुम्हाला शिकवायचंय ना? वर्गात मुलांना रिसर्च मेथडॉलॉजी शिकवायला उभं राहाल तेव्हा स्वतः केलेलं कामच उपयोगी पडणार आहे.

आता मुद्द्याचं. नोकरीवाल्या माणसानं 'कुठलं विद्यापीठ' या प्रश्नापासून सुरुवात केली की तो एजंटच्या हातात सापडतो, माझं ठाम मत आहे की सुरुवात गाइडपासून करावी. तुमच्या विषयात खरोखर काम केलेला, तुमच्या घरापासून झेपेल एवढ्या अंतरावर असलेला आणि जागा रिकामी असलेला गाइड सापडला की विद्यापीठ आपोआप ठरतं. पार्ट टाइमवाल्यांच्या पीएचड्या अर्धवट राहतात त्या बहुतेक वेळा याच दोन कारणांनी, एक गाइडचा विषय वेगळा आणि आपला वेगळा, आणि दुसरं जाणं-येणं झेपत नाही. नाशिक-पुणे २१० किलोमीटर, चाकणला ट्रॅफिकमध्ये अडकलात की जाऊन-येऊन अख्खा दिवस गेला. सुरुवातीला उत्साहात माणूस म्हणतो दर शनिवारी जाईन, मग दोन महिन्यांतून एकदा, मग कमिटीच्या आदल्या रात्री जागून पीपीटी करायची वेळ येते.

सुदैवानं नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो आणि विद्यापीठाची मान्यताप्राप्त रिसर्च सेंटर नाशिकच्या कॉलेजांत आहेत, केटीएचएम, के. के. वाघ इंजिनिअरिंग अशा ठिकाणी विषयाप्रमाणं. तुमचा विषय मॅनेजमेंटचा, त्यात प्रॉडक्शन-ऑपरेशन्सचा, तर विद्यापीठाच्या साइटवर रिसर्च सेंटरची आणि मान्यताप्राप्त गाइडची यादी असते ती उघडा, नाशिकमधली सेंटर वेगळी काढा आणि प्रत्येक गाइडच्या नावापुढं रिकाम्या जागा किती ते बघा. प्रोफेसरला एका वेळी ८, असोसिएट प्रोफेसरला ६ आणि असिस्टंट प्रोफेसरला ४ एवढेच विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे चांगल्या गाइडकडे जागा नसणं हे नेहमीचंच, थांबावं लागलं तर थांबा. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही, ज्या गाइडच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलीत त्याला नवीन विद्यार्थी घेता येत नाही. वय विचारायला संकोच वाटतो पण विचारा, पार्ट टाइमला पाच-सहा वर्षं लागतात आणि मध्येच गाइड बदलणं फार त्रासाचं असतं.

(आरोग्य क्षेत्रातले कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहेच, नर्सिंग, फार्माकॉलॉजी, आयुर्वेदवाल्यांनी आधी तिथं बघावं.)

गाइड तपासायचा कसा, तर शोधगंगेवर. इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्रानं चालवलेली ही साइट आहे, देशभरातल्या पीएचडीचे थीसिस तिथं फुकट वाचायला मिळतात. गाइडचं नाव टाकून शोधा. किती थीसिस दिसतात, कुठल्या वर्षांचे, कुठल्या विषयांचे? एकाच माणसाच्या हाताखाली थोड्या काळात ढिगानं थीसिस, आणि तेही एक बँकिंगवर, एक योगावर, एक द्राक्ष निर्यातीवर, असं दिसलं तर तिथून बाजूला व्हा. मग त्यातला एक थीसिस उघडा. प्रत्येक प्रकरणाची वेगळी पीडीएफ असते, पहिली टायटल, दुसरी सर्टिफिकेट, अशी ओळीनं. लोक प्रस्तावना वाचतात आणि सोडून देतात, तुम्ही तसं करू नका, थेट डेटा ॲनालिसिसच्या प्रकरणावर जा. तिथं फक्त वय, लिंग, शिक्षण, उत्पन्न यांचे पाय चार्ट पानंच्या पानं आणि प्रत्येकाखाली 'वरील तक्त्यावरून असे दिसते की' म्हणून तेच आकडे शब्दांत परत लिहिलेले असतील, तर त्या गाइडनं मुलाला प्रश्न विचारायला शिकवलेलंच नाही. याउलट जिथं गृहीतक खोटं ठरलं आणि ते का खोटं ठरलं यावर दोन पानं लिहिलीत असा थीसिस दिसला, तर त्या सरांना किंवा मॅडमना नक्की भेटा. तासाभराचं काम आहे, पण एजंटच्या सगळ्या ब्रोशरपेक्षा जास्त कळतं.

याशिवाय त्या गाइडचे सध्याचे विद्यार्थी शोधून त्यांच्याशी बोला, विशेषतः नोकरी करणाऱ्यांशी. सर पाठवलेलं प्रकरण किती दिवसांत वाचून परत देतात, हा एकच प्रश्न विचारला तरी पुरे.

आता प्रवेशाचं. पुणे विद्यापीठाची पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, असते, आणि २०२४ पासून यूजीसी नेट या प्राध्यापक पात्रता परीक्षेचे गुणही पीएचडी प्रवेशाला धरायची सोय झाली आहे, नेटच्या निकालात आता 'फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र' असा वेगळा गट असतो, तो वर्षभर चालतो. यूजीसीच्या नियमाप्रमाणं प्रवेश परीक्षेत निम्मे प्रश्न रिसर्च मेथडॉलॉजीचे आणि निम्मे विषयाचे, आणि यादी लावताना लेखीला ७० टक्के, मुलाखतीला ३० टक्के वजन. मेथडॉलॉजीचा भाग नोकरीवाल्यांना जड जातो, कारण सॅम्पलिंग, हायपोथिसिस वगैरे एमबीएनंतर कुणी हात लावलेला नसतो. पण तुम्ही क्वालिटीच्या आहात, कंट्रोल चार्ट, मीन, स्टँडर्ड डेव्हिएशन हे तुमचं रोजचं, तुम्हाला निम्मं काम सोपं आहे.

आणि इथं एक गोष्ट नीट सांगायला पाहिजे कारण तुमचं ध्येय शिकवण्याचं आहे. जुलै २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरच्या थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट ही यूजीसीची किमान पात्रता आहे, पीएचडी ऐच्छिक केलेली आहे. म्हणजे सीनियर कॉलेजात शिकवायचं एवढंच उद्दिष्ट असेल तर महाराष्ट्राची सेट, जी पुणे विद्यापीठच घेतं, ती आधी पास करा. अभ्यास तोच पेटलाही उपयोगी पडतो. एमबीए, इंजिनिअरिंगच्या कॉलेजांना एआयसीटीईचे, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेचे, नियम वेगळे असतात, जिथं अर्ज करायचा त्या जाहिरातीतली पात्रता ओळ न ओळ वाचा. शिवाय यूजीसीनं २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही सोय आणलीय, आपल्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षांचा अनुभव, तोही वरच्या पदावरचा शक्यतो, असलेल्या माणसाला पीएचडीशिवाय शिकवायला घेता येतं, जास्तीत जास्त चार वर्षांपर्यंत. कायमची जागा नव्हे ती, पण शिकवणं आपल्याला जमतं का, आवडतं का हे कळायला उत्तम. तुमची सोळा वर्षं झालीत, आसपासच्या कॉलेजांत चौकशी करा. मी तुम्हाला पीएचडीपासून परावृत्त करत नाहीये, पण पीएचडी हीच शिकवण्याची एकमेव वाट आहे असं समजून पाच वर्षं घालू नका, पीएचडी करा ती संशोधन करायची ओढ असेल तर, आणि तुमचा प्रश्न वाचून मला ती ओढ दिसतेय.

मोठ्या संस्थांचंही सांगतो. आयआयटी मुंबईला एक्स्टर्नल नोंदणीची सोय आहे, पण ती ज्यांच्या कंपनीत खरंखुरं आर अँड डी आहे आणि तिथंच संशोधन करता येईल, वर तिथलाच एक को-गाइड असेल अशांसाठी. ओझरला एचएएलमध्ये डिझाइनला असलेल्यांनी विचार करावा, तुमच्या कंपनीत फक्त प्रॉडक्शन असेल तर अवघड आहे. बिट्स पिलानी नोकरीवाल्यांना पार्ट टाइम पीएचडीला घेतं. आयआयएममध्ये नोकरदारांसाठी वेगळे डॉक्टरेट प्रोग्राम आहेत, कोझिकोडला प्रॅक्टिस ट्रॅक, लखनौ आणि इंदूरलाही असे प्रोग्राम, दर्जा उत्तम, पण फी लाखांत, वरच्या पदावरचा अनुभव मागतात आणि कोर्सवर्कला जाऊन राहावं लागतं. कंपनी खर्च उचलत असेल तर जरूर बघा, स्वतःच्या खिशातून असेल तर मुलांच्या शिक्षणाचा हिशोब आधी मांडा.

परदेशी डिस्टन्स डॉक्टरेटबद्दल लोक फार विचारतात, कारण तिथं खरोखर चांगल्या नावाच्या आहेत. दक्षिण आफ्रिकेचं युनिसा, १८७३ पासूनचं, सगळं दूरस्थच शिकवतं आणि डॉक्टरेटही देतं. कॅनडाचं अथाबास्का ऑनलाइन डीबीए, म्हणजे बिझनेसमधली डॉक्टरेट, देतं, ब्रिटनमध्ये काही नामांकित विद्यापीठं लांबून पार्ट टाइम पीएचडी करू देतात. ह्या खऱ्या पदव्या आहेत आणि तिकडं त्यांना मान आहे. पण तुम्हाला नाशिकला शिकवायचंय, आणि इथं सरकारी मान्यतेसाठी परदेशी पदवीला समकक्षता लागते, दूरस्थ किंवा ऑनलाइन घेतलेल्या परदेशी डॉक्टरेटला ती मिळवताना लोकांचं घोडं तिथंच अडतं. म्हणून माझा सल्ला सरळ आहे, कॉलेजात नोकरी हे ध्येय असेल तर परदेशी डिस्टन्सच्या नादी लागू नका. कन्सल्टिंग करायचंय, कंपनीत वर जायचंय, स्वतःच्या समाधानासाठी करायचंय, त्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी विद्यापीठाला त्याच्या देशात पदवी द्यायचा अधिकार आहे का हे त्या देशाच्या सरकारी यादीत बघावं, अमेरिकेचं असेल तर सीएचईए या तिथल्या मान्यतेवर नजर ठेवणाऱ्या संस्थेच्या डेटाबेसमध्ये, आणि बिझनेस स्कूल असेल तर एएसीएसबी, अँबा किंवा इक्विसची मान्यता आहे का ते बघावं. विद्यापीठाच्या स्वतःच्या साइटवर छापलेल्या लोगोवर विश्वास ठेवू नये, कारण खोट्या विद्यापीठांबरोबर खोट्या मान्यता संस्थाही तयार करून विकल्या जातात. २०१५ मध्ये कराचीच्या एक्झॅक्ट कंपनीचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा असंच निघालं होतं, शेकडो बनावट साइट, त्यावर विद्यापीठं, प्राध्यापक, मान्यता देणाऱ्या संस्था सगळं एकाच घरातलं.

आणि एडटेक कंपन्या परदेशी विद्यापीठाबरोबर मिळून ऑनलाइन पीएचडी विकतात त्यांच्याबद्दल यूजीसी आणि एआयसीटीईनं ऑक्टोबर २०२२ मध्ये संयुक्त इशारा दिला होता की असल्या पीएचडीला मान्यता नाही. फोनवर कितीही गोड बोलले तरी हे लक्षात ठेवा. मानद डॉक्टरेट वीस-पंचवीस हजारांत हॉटेलात समारंभ करून देणारेही फिरतात, त्यांच्याबद्दल लिहीत बसत नाही.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते, विषय. नोकरी सांभाळून पीएचडी पुरी करणाऱ्यांत मी एक गोष्ट कायम बघितलीय, ज्यांचा विषय त्यांच्या रोजच्या टेबलावरून उचललेला असतो ते टिकतात. तुम्ही कदाचित 'भारतीय उद्योगांत टोटल क्वालिटी मॅनेजमेंटची (टीक्यूएम) भूमिका' असलं काहीतरी मनात धरलं असेल, सगळे तेच धरतात. असल्या विषयात करायला काहीच उरत नाही, प्रश्नावली वाटायची, ती लोकांनी डोळे झाकून भरायची, आणि टीक्यूएम उपयुक्त आहे असा निष्कर्ष काढायचा. त्यापेक्षा तुमच्याकडे रोज येणारे ८डी रिपोर्ट, म्हणजे दोषाचं मूळ कारण आणि उपाय लिहायचे ते ठरावीक फॉर्म, आठवा. पुरवठादाराकडून खराब माल आला, तुम्ही तक्रार पाठवली, त्यानं ८डी भरून दिला. मूळ कारणाच्या रकान्यात काय असतं? 'ऑपरेटरचं दुर्लक्ष'. उपायाच्या रकान्यात? 'ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं', सोबत चार सह्यांचा ट्रेनिंगचा कागद. तीन महिन्यांनी तोच दोष परत, परत तेच कारण, फक्त ऑपरेटरचं नाव वेगळं. वाय-वाय ॲनालिसिस पाच वेळा 'का' विचारायला सांगतं आणि लहान पुरवठादाराकडं ते दुसऱ्या 'का'लाच थांबतं. का थांबतं? मालकच क्वालिटी बघतो म्हणून? फिक्श्चर (पार्ट पकडून ठेवणारं साधन) बदलायला पैसे नाहीत आणि खरं कारण लिहिलं तर खर्च करावा लागेल म्हणून? की तुमच्यासारखी ग्राहक कंपनी चोवीस तासांत उत्तर मागते म्हणून तो जे पटकन क्लोज होईल ते लिहितो? हा पीएचडीचा प्रश्न आहे. अंबड-सातपूरच्या ठरावीक लहान पुरवठादारांचे मागच्या काही वर्षांचे क्लोज झालेले ८डी घ्यायचे, कारणांचं वर्गीकरण करायचं, कुठल्या प्रकारचं कारण लिहिलं की दोष परत येतो ते आकड्यांनी तपासायचं, आणि मग मालकांच्या, सुपरवायझरच्या, ऑपरेटरच्या मुलाखती. हा डेटा पुण्याच्या कुठल्या प्राध्यापकाकडे नाही, तुमच्याकडे आहे, आणि दिवसभर ऑफिसात जे बघता त्याचाच विचार रात्री करायचा असल्यामुळे डोकं वेगळं लावावं लागत नाही.

पण डेटा कंपनीचा आहे हे विसरू नका. पुरवठादाराची नावं, पार्ट नंबर, ग्राहकाची नावं काढून टाकून वापरायची लेखी परवानगी सुरुवातीलाच घ्या, तोंडी हो म्हटलेल्या साहेबाची बदली झाली की नवीन साहेब नाही म्हणतो आणि दोन वर्षांचं काम पाण्यात जातं.

त्याच वेळी एनओसीही घ्या. पार्ट टाइमवाल्यांना ती नियमानंच लागते आणि एचआरवाले 'आमची हरकत नाही' एवढंच लिहून देतात, ते पुरत नाही. तीन गोष्टी त्यात हव्यात: पार्ट टाइम पीएचडी करायला परवानगी आहे, कामाचं स्वरूप असं आहे की संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं केलं जाईल. तिसरं वाक्य बघून एचआर बिचकतं. तेव्हा कोर्सवर्कचं टाइमटेबल सेंटरकडून घेऊन जा, बरीच सेंटर शनिवार-रविवार किंवा सलग सुट्टीत घेतात, कामाचे दिवस किती बुडणार हे कागदावर दिसलं की सही होते.

वेळेचं म्हणाल तर आठवड्याला दहा-बारा तास, वर्षभर, हे धरून चला. सलग दोन-तीन तासांचे तुकडे लागतात, अर्ध्या अर्ध्या तासानं लिखाण होत नाही. घरी मुलं असल्यावर अवघडच, माझ्या ओळखीतले बरेच जण रविवारी सकाळी सार्वजनिक वाचनालयात किंवा कॉलेजच्या रीडिंग हॉलमध्ये जाऊन बसतात. घरच्यांशी आधी बोलून कुठला वेळ तुमचा हे ठरवून टाका आणि सासू-सासरे, नवरा, मुलं सगळ्यांना ते माहीत असू द्या, नाहीतर प्रत्येक रविवारी नवीन कारण निघतं. जर्नलमधले लेख विकत घेऊ नका, केंद्र सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना २०२५ पासून सुरू आहे, सरकारी विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना हजारो जर्नल त्यातून मिळतात, विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाचं लॉगिन कसं मिळेल ते नोंदणी झाल्याबरोबर विचारा. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकत जा, ते फुकट आहे. पेपर छापायच्या घाईत पैसे घेऊन तीन दिवसांत छापणाऱ्या जर्नलच्या वाट्याला जाऊ नका, २०२२ च्या नियमांत थीसिसआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट काढलेली आहे, आपल्या विद्यापीठाची स्वतःची अट काय तेवढी बघा.

आता लगेच काय करायचं, तर कन्सल्टंटला एक रुपयाही देऊ नका, दिला असेल तर पावती मागून लेखी परत मागा. मूळ मार्कशीट तर कुणाकडंच ठेवायच्या नाहीत. मग शोधगंगेवरून आणि विद्यापीठाच्या यादीतून दोन-तीन गाइड निवडा आणि त्यांना मेल करा. मेलमध्ये 'आदरणीय सर, मला पीएचडी करायची आहे, कृपया मार्गदर्शन करावे' एवढंच लिहिणारे रोज येतात, त्यांना बहुतेकदा उत्तर जात नाही. तुम्ही असं लिहा की मी अंबडला क्वालिटीत इतकी वर्षं आहे, ८डी रिपोर्टमध्ये मला हे असं असं वारंवार दिसतं, याचं कारण मला शोधायचंय, तुमच्या विद्यार्थ्याच्या अमुक थीसिसमधलं चौथं प्रकरण मी वाचलं आणि त्यातली पद्धत इथं लागू होईल असं वाटतं, भेटायला शनिवारी येऊ का? खाली शिक्षण, टक्के, नेट-सेट काही असेल तर ते, आणि कंपनी एनओसी देणार आहे हे एका ओळीत. असा मेल आला की कुठलाही कामाचा गाइड भेटायला बोलावतो. भेटीला जाताना दोन पानांचं टिपण न्या, ८डीचे दोन-तीन नमुने नावं झाकून न्या, आणि त्यांनी विषय बदलायला सुचवला तर का बदलायचा ते नीट विचारून घ्या. पेटचा फॉर्म सुटायच्या आधी एवढं झालेलं असलं तर मुलाखतीला तुमच्याकडे बोलायला भरपूर असेल.